अक्कांनी न पाहिलेला बर्फ

शाळेची मधली सुट्टी नुकतीच झाली होती. मी पहिलीच्या मुलांचे डबे उघडून देत होते, तेवढ्यात शुक्रवार पेठेतल्या अक्कांच्या शेजारीणकाकूंचा फोन आला. त्या एरवी मला कधी फोन करत नाहीत. "मॅडम, लौकर या की. तव्यावर भाकरी जळायलीय आन् अक्का बोलंनात," एवढंच त्या म्हणाल्या. जुळे सोलापूरहून, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाहून, स्कूटीवर मी पोचले तोवर कुणीतरी गॅस बंद केला होता. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान किंचित कलली होती, बोटांना ज्वारीचं पीठ तसंच होतं. डॉक्टर येऊन गेले होते. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं… मी पदर ओला करून त्यांची बोटं पुसली, एकेक करून. याला आता पाच आठवडे होतील.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची, महेशची, थोरली बहीण. लग्न करून अक्कलकोटकडच्या एका गावात गेल्या आणि दोनच वर्षांत नवरा वारल्यावर माहेरी परतल्या. वडील आधीच गेले होते, पाठोपाठ आईही गेली. महेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. अक्कांनी कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. पातळ थापायची, मंद आचेवर पापडासारखी कडक होईस्तोवर भाजायची, पत्र्याच्या डब्यात रचायची. त्यावर भावाला शिकवलं, नोकरीला लागलेलं पाहिलं, लग्न लावून दिलं आणि आम्हाला वेगळं घर करायला लावलं ते स्वतःहून. पस्तीस वर्षं त्या तव्यासमोर बसल्या. मे महिन्यातसुद्धा. हात पिठाचे असायचे म्हणून कपाळावरचा घाम कोपरानं पुसायच्या. गिऱ्हाईक कानडी बोलणारं असलं तर कानडीत, नाहीतर मराठीत, पण आमच्यावर चिडल्या की हमखास कानडीत. टीव्हीवर कुठं बर्फाचे डोंगर दिसले की मात्र भाकरी थापायची थांबवून बघत राहायच्या. एकदा महेशला म्हणाल्या, तितं जाऊन नुसतं बसायचं हाय मला, दुसरं कायबी नको. आयुष्यात त्यांनी भावाकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा राग होता. त्या वाईट वागल्या म्हणून नव्हे. त्या इतक्या चांगल्या वागायच्या, की महेश आधी त्यांचा आणि मग माझा, हे मला बोलूनही दाखवता यायचं नाही. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. हे लिहिणं सोपं नाही, पण पुढचं सांगायचं तर हे सांगावंच लागेल.

शिवानी, आमची मुलगी, साडेचार वर्षांची होती, तेव्हा डिसेंबरात आम्ही चौघं मनालीला गेलो. अक्कांनी सोबत दोन डबे कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती. रेल्वेच्या डब्यात निम्म्या लोकांना त्यांनी ती वाटली. मनालीत पोचलो तर गावात बर्फ नव्हता. लांबवर डोंगरमाथे पांढरे दिसत होते, पण बर्फात जायचं तर गाडी करून बरंच वर जावं लागणार होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडीत आणखी एक कुटुंब होतं. वाटेत भाड्याचे जाड कोट आणि गमबूट मिळतात, ते घेतले. अक्का विजार घालायला तयार होईनात. शेवटी लुगड्यावरूनच तो ढगळ पोशाख चढवला आणि आरशात बघून स्वतःच इतक्या हसल्या, की दुकानदारही हसायला लागला. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदाच कुणाची तरी बहीण न वाटता एक बाई वाटल्या. पन्नाशीची, आनंदलेली.

वळणावळणाच्या रस्त्यावर शिवानीला उलट्या सुरू झाल्या. एक झाली, दोन झाल्या, मग ती मान टाकून गप्पच पडली. हात गार, ओठ पांढरे. एका चहाच्या टपरीपाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पोरीला आणखी वर नेऊ नका, इथं शेकोटीपाशी ठेवा, परतताना घेऊ, असं तो म्हणाला. दुसऱ्या कुटुंबाची चुळबुळ सुरू झाली होती. मी म्हणाले, मी थांबते. अक्कांनी तोवर शिवानीला उचलून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "तू जा. तुमी दोघं जावा. पोरगी माझ्याजवळ राहू दे. मी काय, उद्या बघीन."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मग गाडीकडं पाहिलं. महेश आत बसलेला होता… मी "बरं" म्हणाले.

एवढंच. कुणी मला ढकललं नव्हतं. मी आई होते आणि मी बरं म्हणाले. वर गुडघाभर बर्फ होता. आम्ही दोघं त्यात पडलो, लोळलो, एकमेकांवर बर्फ फेकला, फोटो काढले. मी सुखात होते, हेही लिहिलं पाहिजे. निघताना मात्र काहीतरी टोचलं आणि मी शिवानीच्या खाऊचा रिकामा डबा बर्फानं गच्च भरून घेतला. टपरीपाशी आलो तर शिवानी अक्कांच्या मांडीवर गाढ झोपली होती, गालांवर रंग परतला होता. मी डबा उघडून पुढं केला. आत पाणी होतं, त्यात बर्फाचा एक खडा तरंगत होता. अक्कांनी तो बोटानं हलवून पाहिला. विरघळून गेल्यावर ते पाणी तोंडाला लावलं, घोटभर प्याल्या आणि म्हणाल्या, "गार हाय की."

दुसऱ्या दिवशी वर जोराची बर्फवृष्टी झाली आणि रस्ता बंद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. पुढच्या वर्षी नक्की, असं महेश स्टेशनवर म्हणाला आणि अक्कांनी मान हलवली. पुढच्या वर्षी घराचं काम निघालं. मग कोरोनाची दोन वर्षं गेली. मग अक्कांचे गुडघे धरले. दर हिवाळ्यात आम्ही विषय काढायचो, आणि दर हिवाळा जायचा. त्या एका शब्दानं कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. दोनेक वर्षांपूर्वी मी धीर करून म्हटलं, अक्का, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडं न बघता पिठाची चाळण मागितली. मी दिली. पुढं आम्ही त्यावर बोललो नाही… मला वाटलं, वेळ आहे.

आमच्यात पुरतात. अक्कांना माती दिली, त्या दिवशी महेश नऊ वर्षांच्या पोरासारखा रडला. गेल्या रविवारी मी आणि शिवानी त्यांची खोली आवरायला गेलो. महेशला अजून तिथं पाय घालवत नाही. तवा घासून भिंतीशी उभा केला, पिठाचे डबे रिकामे केले. दारात एक आजोबा आले, नेहमीच्या दहा भाकरी द्या म्हणाले. अक्का गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी दारात चपला काढल्या, आत आले, अक्का बसायच्या त्या रिकाम्या पाटाला हात जोडले आणि गेले.

शिवानी आता अकरा वर्षांची आहे. आत्याच्या साड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, आत्याला बर्फ बघायचा होता ना गं? मी हो म्हटलं, आणि सांगितलं की तिच्यामुळं नव्हे, माझ्यामुळं राहिला. तर ती म्हणाली, पण तो तर मागंच होता. मला कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. सुट्टीत राहायला गेली की ती आत्याकडून हीच गोष्ट मागायची, मला माहीत असेल असं तिला वाटत होतं. आम्ही वर गेल्यावर टपरीवाली बाई अक्कांना म्हणाली होती, मागच्या चढावर सावलीत बर्फ साचलाय, शंभर पावलंसुद्धा नाहीत, जाऊन बघून या, पोरगी मी धरते. अक्का गेल्या नाहीत.

"का गेली नाही, विचारलंस का कधी?" मी म्हटलं.

"दरवेळी विचारायचे," शिवानी म्हणाली. "ती म्हणायची, तुजे पाय आत्ता कुटं गरम झाले होते. हलले असते तर तू उटली असतीस की."

साडीची घडी घालून तिनं ती पेटीत ठेवली आणि दुसरी उचलली. खोलीत अजून भाजल्या ज्वारीचा वास होता. मला दाराला कुलूप लावून निघायचं होतं, अंधारायच्या आत घरी पोचायचं होतं. मी कुलूप हातात घेतलं, आणि त्या पाटाशेजारी जमिनीवर बसले… शिवानी दोनदा म्हणाली, आई, चल ना. मला उठता येईना.