बारशाआधीचा दाखला

बँकेत माझं काम लोकांचे कागद परत पाठवण्याचं. आधारवर एक पत्ता आणि वीजबिलावर दुसरा दिसला की मी चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "दुरुस्त करवा लाइए." शाखेत त्याबद्दल माझी ख्याती आहे. ती आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल.

आमची लेक तिसरीनंतर शाळेत गेली नाही. लखनौच्या जानकीपुरममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायकोच तिला शिकवते. गणित माझ्याकडे होतं, पण आठवीच्या सुमारास लेकीने मला नम्रपणे कामावरून काढलं. घरी शिकवायला आपल्याकडे वेगळी नोंद लागत नाही. दहावी द्यायची तर मात्र मुक्त विद्यालयाच्या मंडळात नोंदणी हवी, आणि तिला याच वर्षी बसायचं होतं. वर्षभर ती त्यासाठी घासत होती. कागदपत्रं तेवढी माझ्याकडे. "वो आपका डिपार्टमेंट है, बाबा."

शेवटच्या तारखेला दहा दिवस असताना आम्ही दोघं नोंदणी केंद्रावर गेलो. फाइलला मी रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी जन्मदाखला उजेडात धरला.

"सर, इसमें बच्ची का नाम कहाँ है?"

"ये रहा," म्हणून मी बोट ठेवलं ते बायकोच्या नावावर. मग माझ्या नावावर. मग ते नुसतंच प्लास्टिकवरून फिरत राहिलं. लेकीच्या नावाची जागा कोरी होती.

झालं होतं असं, की पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, महाराष्ट्रात. सासरे भलतेच तत्पर. तिसऱ्याच दिवशी त्यांनी नगरपालिकेत जन्म नोंदवून टाकला. बारसं बाराव्या दिवशी. आत्याने कानात सांगितलेलं नाव पेढ्यांबरोबर अख्ख्या गल्लीला कळलं, फक्त नगरपालिकेला कळवायचं राहिलं. आणि लखनौला आल्याआल्या मी तो दाखला, न वाचता, लॅमिनेट करून घेतला. पुढे शाळेनेही नुसती जन्मतारीखच पाहिली.

"घर पर पढ़ाते हैं ना?" बाई म्हणाल्या. "नाम भी घर पर ही रखा है क्या?" मग हसू आवरून त्यांनी फाइल परत सरकवली. "पंद्रह साल की होने से पहले नाम चढ़ जाता है. दुरुस्त करवा लाइए, सर."

परतताना सिग्नलला स्कूटर थांबवली. मागून आवाज आला. "सबके कागज़ पढ़ते हो बाबा, मेरा एक नहीं पढ़ा?" आणि मग हळू, "इस साल नहीं बैठ पाई तो?"

सिग्नल सुटला आणि मी स्कूटर पुढे काढली.

घरी बायकोने दाखला उलटसुलट करून पाहिला. "अहो, चौदा वर्षं कपाटात जपून ठेवलंत काय, तर प्लास्टिक!" तिने नाव चढवायच्या अर्जावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी अमौसी विमानतळावरून मला माहेरच्या गावाकडच्या विमानात बसवलं.

निघायच्या आदल्या रात्रीच लेकीचं अवसान परत आलं होतं. कागदावर नाव नाहीच, तर नवीन निवडते म्हणाली. जेवताना दर घासाला एक नाव जाहीर होत होतं. त्यामुळे तिथल्या नगरपालिकेतल्या कारकुनाने पेन उचलून "नाव काय घालू? एकदा घातलं की बदलत नाही हं, साहेब," असं विचारल्यावर मी "एक मिनिट" म्हणालो. मी तिथूनच तिला फोन लावला.

आमच्या मराठीला एरवी हिंदीतच उत्तर देणारी ही पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "आत्याने ठेवलंय तेच. आणि बाबा, लिहून झालं की वाच."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचायला लागलो तेव्हा कारकून म्हणाला, "साहेब, पाठ झालं असेल तर पुढच्याला येऊ द्या."

शेवटच्या तारखेला दोन दिवस असताना आम्ही पुन्हा त्याच खिडकीशी उभे होतो. बाईंनी नवा दाखला पाहिला, शिक्का मारला आणि लेकीकडे मान वळवली. "अच्छा, तो आप हैं."

"जी," लेक म्हणाली, "अब हूँ."

केंद्राबाहेर लॅमिनेशनचं दुकान होतं. मी नुसतं तिकडे पाहिलं. लेकीने माझ्या हातातली फाइल काढून घेतली, आपल्या सॅकमध्ये घातली आणि सॅक पोटाशी धरून स्कूटरवर बसली.