रघुजींचा पालथा पेला

रघुजीराव जाधवांच्या घरी लिव्हरचे रिपोर्ट कॉफीवरून कळायचे. स्वतः डॉक्टर असून हे लिहायला मला लाज वाटते, पण आहे ते आहे.

मी १९९३ मध्ये पुण्याहून बेंगळुरूच्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून आले, तेव्हा रघुजी तिथले सर्वांत जुने लॅब टेक्निशियन होते. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. लिव्हरमधून सुईने काढलेला शेवईएवढा तुकडा ते मेणाच्या वडीत बसवायचे, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर रंगवायचे. रंगवल्यावर चांगलं लिव्हर लाल दिसतं आणि व्रण निळे. निळं किती पसरलंय ते बघून शून्य ते चार असा आकडा द्यायचा, हे माझं काम.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना तासभर शिकवायची. रघुजी दोन मिनिटांत उरकायचे. "शून्य म्हंजे शेत. एक म्हंजे बांध घातला. दोन म्हंजे स्वल्प रस्ते आखले. तीन म्हंजे जिकडंतिकडं रस्ते. चार म्हंजे लेआउट झाला, घरांच्या साइटी पडल्या, आता तिथं नाचणी उगवायची नाही." पोरांच्या लक्षात त्यांचंच राहायचं, आणि मला त्याचा रागही यायचा.

रिपोर्टबद्दल ते घरी अवाक्षर काढत नसत. पण जे ओठांवर आलं नाही ते कॉफीत उतरायचं. लिव्हरचा तुकडा आठवड्याला एखादाच यायचा. शून्य किंवा एक निघाला तर संध्याकाळी घरी पेलाभर कॉफी. दोन-तीन असेल तर "बाय-टू कर" म्हणायचे, म्हणजे एका कॉफीचे दोन पेले, अर्धी त्यांना, अर्धी बायकोला. आणि चार दिसला की पेला पालथा घालून गप्प. बायकोने, सगुणाबाईंनी, हे ओळखलं, आणि सगुणाबाईंना कळलं ते गल्लीला कळायला किती वेळ? ज्यांच्या घरचा तुकडा लॅबमध्ये गेलेला असे, ते बरोबर सहाला विरजण मागायला यायचे आणि पेल्याकडे बघून जायचे. रघुजी म्हणायचे, "आमच्या गल्लीत दही फार खातात, मॅडम."

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्यांनी माझ्यासमोर एक काच ठेवली. काचेवर फक्त नंबर असावा, हा माझा नियम. नाव दिसलं की भीड पडते. मी बघितलं आणि दोन म्हणाले. रघुजी जागचे हलले नाहीत.

"परत एकदा बघा, मॅडम."

"दोनच आहेत."

"तीन होतात का बघा की."

आकडा कमी करा म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते. वाढवून मागणारा हा पहिला. ही काय भाजी मंडई आहे का, असं मी चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "विश्वेश्वरचं आहे."

विश्वेश्वर म्हणजे सगुणाबाईंचा धाकटा भाऊ. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात कामाला आणि तिथून सुटला की रोज बारमध्ये.

"चारात दोन म्हंजे पन्नास टक्के," रघुजी म्हणाले. "ह्याला शाळेत कधी पस्तीस पडले नाहीत. पास झालो म्हणून गल्लीत पेढे वाटंल, आणि मग ढोसत बसंल."

"पण पीत राहिला तर दोनाचे चार होतील."

"ते तुम्हाला कळतं, मला कळतं."

पण आकडा मी बदलला नाही.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं. रिपोर्ट मिळाला त्या संध्याकाळी विश्वेश्वर कागद खिशात घालून त्यांच्याकडे येऊन बसला. सगुणाबाईंनी पेले मांडले. रघुजींनी आपला पेला उचलला आणि पालथा घातला.

"दाजी, कागदावर दोन लिवलंय," विश्वेश्वर म्हणाला.

रघुजी गप्प. विश्वेश्वर पांढराफटक पडला आणि सरळ घरी गेला.

"तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले.

"एक अक्षर तरी बोललो का, मॅडम?"

पण एका दिवसाने काय होणार? दुसऱ्या दिवशी कॉफी घेतली की बिंग फुटलं. विश्वेश्वर बार सोडून रोज सहाला हजर. सगुणाबाईंना दारातूनच त्यांच्या तोंडाचा कॉफीचा वास यायचा, त्यामुळे लॅबमध्येही चोरून घेता येईना. दिवसाला सात कॉफ्या पिणारा माणूस जिऱ्याच्या कषायावर, म्हणजे काढ्यावर, आला. त्यांचं डोकं दुखायचं आणि माझं ते खायचे. काप जाड यायला लागले, बोलणं तिखट झालं. दोन-तीनदा मीच म्हणाले, "जाऊ द्या हो, पिऊ दे त्याला." असं तीन वर्षं चाललं. गल्लीतल्या लोकांना रिपोर्ट कळायला डॉक्टरकडे जावं लागलं आणि दह्याचा खप पडला.

सत्त्याण्णव साली रघुजी निवृत्त झाले. निरोपाच्या दुपारी सगुणाबाई आल्या आणि त्यांच्यामागून थर्मास घेऊन विश्वेश्वर. अंगाने भरलेला, डोळे स्वच्छ. टेबलावर रघुजींनी सवयीने पेला पालथा घातला होता. विश्वेश्वरने तो सुलटा केला.

"दाजी, आता घ्या."

रघुजींनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी विश्वेश्वरला काही सांगितलं नव्हतं.

"पंधरा दिवस लई घाबरलो," विश्वेश्वर म्हणाला. "मग डॉक्टरला परत जाऊन विचारलो. दोनच म्हणाले. तेव्हाच कळलं, दाजी नाटक करतायत."

सगुणाबाई थक्क झाल्या. "मग परत पिणं का नाही सुरू केलास?"

"करणारच होतो, अक्का. म्हटलं, दाजी ज्या दिवशी कॉफी घेतील त्या दिवशी आपणपण बसायचं. रोज सहाला येऊन बघत होतो. ह्या माणसानं घेतलीच नाही."

विश्वेश्वरने थर्मासमधली निम्मी कॉफी रघुजींच्या पेल्यात ओतली आणि निम्मी थर्मासच्या झाकणात, स्वतःसाठी.

"रिपोर्ट दोनचा होता ना, दाजी. बाय-टू."

रघुजींनी घोट घेतला. मग सगुणाबाईंना म्हणाले, "डिकॉक्शन स्वल्प पातळ झालंय," आणि पेला रिकामा केला.