डाव्या अंगाचा कापूस

अनसिंगची भागिरथा वावरात उतरली की बाकीच्या बाया न सांगता नीट वेचायला लागत. तिचे हात भराभर चालत आणि तोंड त्याहून भराभर. "ए वच्छले, थे बोंड सासऱ्यासाठी ठेवलं काय? ए गोमतीबाई, कापूस वेच बाई, पालापाचोळा नोको वेचू!" वावराचे मालक माणिकराव यांना वेचणीला बाया लावायच्या असल्या की पहिला निरोप बौद्धवाड्यात भागिरथाकडे जाई. ती ज्या तासातून, पऱ्हाटीच्या ज्या ओळीतून गेली तिथं चिमणीला घरट्यापुरता कापूस सापडायचा नाही, असं माणिकराव चारचौघांत सांगत, आणि भागिरथा ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करी. अंगावर सोनं नव्हतं, घरावर कवेलू धड नव्हते. पण हे एक नाव होतं.

आणि या नावाला तिच्याच पोटची पोर डाग लावत होती.

अंजना नऊ वर्षांची. शाळा तिसरीतच सुटली होती. आईशेजारचा तास धरून ती वेचत जाई, मान खाली घालून, गडबड न करता. पण तिच्या मागं वळून पाहिलं तर उजव्या अंगाची पऱ्हाटी काळी, रिकामी. डाव्या अंगाला मात्र बोंडं तशीच फुललेली. बाया तोंडाला पदर लावून हसत. "लेक मायच्या वळनावर नाई गेली वो!" एवढं ऐकलं की भागिरथाच्या तळपायाची आग मस्तकात जाई. ती मागं फिरून पोरीच्या पाठीत धपाटा घाली. "डोये फुटले काय तुये?"

हे ती रोज विचारत होती. उत्तर कधी ऐकायचं नव्हतं म्हणून विचारत होती.

सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. अंजनाच्या डावीकडचा तास त्या दिवशी गोमतीबाईकडे होता. गोमतीबाई तांड्यावरची, हातभर पांढऱ्या बांगड्या, बलोते, घातलेली, बोलायला फटकळ. पोरीनं टाकलेली बोंडं वेचून वेचून तिची कंबर धरली. दुपारी सगळ्या बाया बोरीखाली भाकरी सोडून बसल्या, तेव्हा ती भागिरथाला म्हणाली,

"ए बाई, तुई पोट्टी आळशी नाई."

"तं काय हाय? तूच ठेव मंग तुयापाशी."

"कोंबडी पाह्यली काय दाणे टिपताना? मुंडकं वाकडं करून पाह्यते. तशी पाह्यते हे. म्या इकून हाक मारली तं पुरी फिरते, तवा तिले मी दिसतो." तिनं अंजनाची हनुवटी धरली, तोंड सावलीकडे फिरवलं आणि डोळ्यात निरखून पाहिलं. "भागिरथा, इकडे ये. हिच्या बाहुलीत ताकाचा थेंब पडल्यावानी काय हाय पाह्य."

उन्हात कधी दिसलं नव्हतं ते सावलीत दिसलं. डाव्या बाहुलीत मधोमध करडं, गढूळ काहीतरी बसलं होतं. भागिरथानं पोरीचा उजवा डोळा आपल्या तळहातानं झाकला आणि तिच्या नाकापुढं भाकरीचा तुकडा धरला. पोर सकाळपासून उपाशी होती. तिचा हात पुढं आला नाही.

"घे ना वं."

"काय घेऊ?"

"ढोंग नोको करू अंजने."

"माय, तू डोया झाकला मंग कसं दिसन?"

"एकच तं झाकला. दुसऱ्यानं पाह्य."

"दुसऱ्यानं तं नुसता उजेड दिसते," अंजना म्हणाली, आणि आईचा हात बाजूला करून तिनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तुले नाई काय असं?"

भागिरथानं तुकडा पोरीच्या हातात दिला आणि आपली भाकरी फडक्यात परत बांधली.

वाशीमला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर लागणार, अशी दवंडी आठ दिवसांपूर्वीच झाली होती. पण शिबिर म्हटल्यावर तिचा नवरा, शेषराव, बिथरला. माणिकरावांचा सालदार माणूस. बैलाला भीत नसे, सरकारी कागदाला भीत असे.

"शिबिर? मागच्या साली तांड्यातल्या किसनसिंगले असंच शिबिरात नेलं होतं. काय कापून पाठवलं ते माईत हाय ना तुले?"

"थे नसबंदीचं होतं. हे डोयाचं हाय."

"अन् थ्यायनं डोयाच काढून घेतला तं?"

"ज्यानं दिसतच नाई थो नेऊन थे काय पाह्यतीन?" भागिरथा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिघं एसटीत बसली.

शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांची रांगच रांग. काठ्या, खोकले, आणि "जी साहेब, दिसत नाई जी" याचा एकच सूर. बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्यानं अंजनाला पाहिलं आणि भागिरथाला म्हणाला, "मावशी, पेशंटला पुढं करा, लेकराला मागं बसवा."

"हेच पेशन हाय."

"हे मोतीबिंदूचं शिबिर आहे मावशी. आजी-आजोबांचं!"

मागचा एक म्हातारा खो खो हसला. "पोरी, एवढ्यात म्हातारी झाली काय वं?" अंजनाही हसली. भागिरथा मात्र रांगेतून हलली नाही.

डॉक्टर पुण्याकडचे होते. एकेक अक्षर सुटं करून, धुऊन वाळत घातल्यासारखं बोलत. त्यांनी अंजनाच्या डोळ्यात बॅटरी मारली, पुन्हा मारली, उजवा डोळाही तितकाच वेळ पाहिला. मग खुर्ची मागं सरकवली.

"मोतीबिंदूच आहे. मुलांनाही होतो. डावा पूर्ण झाकला आहे. उजव्यात आत्ताशी सुरुवात आहे."

शेषरावनं हात जोडले. कशासाठी, हे त्यालाही कळलं नसावं. "म्हनजे थोही जाईन?"

"हळूहळू जाईल. वेळेवर शस्त्रक्रिया केली तर वाचवता येईल. पण आता मला डाव्याचं नीट सांगा. हिला या डोळ्यानं कधीपासून दिसत नाही?"

दोघं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी शेषराव म्हणाला, "जलमापासूनच असन जी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जन्मापासून असेल तर या डोळ्याला पाहायची सवयच लागलेली नाही. मग मोतीबिंदू काढूनही उपयोग नाही. कशाला पोरीचे हाल करायचे? डावा राहू द्या. उजव्यावर लक्ष ठेवू."

पुढच्या म्हातारीला हाक गेली. शेषराव पोरीला उठवायला वाकला.

"थांबा साहेब." भागिरथा जागची उठली नव्हती. "जलमापासून नाई."

"कशावरून?"

तिनं खाली पाहिलं. कोणत्या वावराचा पहिला वेचा कधी झाला, दुसरा कधी, हे तिला पाच-पाच सालाचं तोंडपाठ होतं. पोरीचा डोळा कधी गेला याचा पत्ता नव्हता. पण पत्ता लागायला एक वाट होती आणि ती सगळ्यांदेखत चालावी लागणार होती.

"दोन सालं झाले, हे माह्यासंग वेचायले येते. पयल्या साली दोन्ही अंगानं साफ वेचे जी. म्या सोता पाह्यलं हाय, एक बोंड मांग नाई. मागच्या साली पयल्या वेच्यालेही साफ. दिवाळी झाली, दुसरा वेचा लागला, तवा डावीकून राह्यलं. पयल्यांदा."

"एवढं नक्की कसं आठवतं बाई तुम्हाला?"

"थ्या दिशी म्या तिले मारलं. थ्याच्या आंधी कधी मारलं नव्हतं."

टेबलाशी उभा असलेला कार्यकर्ता उगाच कागद सारखे करू लागला. भागिरथा बोलत राहिली, कारण आता थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "मंग रोज मारलं. संक्रांतीपावतर अर्धे अर्धे राहत, होळीपावतर समदेच. म्हनजे हळूहळू गेला असन ना जी?"

डॉक्टरांनी पेन उचललं आणि कागदावर इतकंच लिहिलं: डावा डोळा, एक वर्षापासून. "मग हा डोळा पाहायला शिकलेला आहे," ते हळू म्हणाले. "अकोल्याला न्या. आधी डावा करून घ्या. मी चिठ्ठी देतो."

अकोल्याला ऑपरेशन झालं. पोरीचे दोन्ही डोळे बांधले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, आणि नर्सबाईनं बजावलं, "मान हलता कामा नये. खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही." नऊ वर्षांच्या पोरीला हे कोण समजावणार? भागिरथा सहा दिवस खाटेजवळ बसून राहिली. आधी तिनं वच्छलाची नक्कल केली, माणिकरावांची केली, गोमतीबाईची केली. मग ध्यानात आलं की पोरगी हसली तरी हलते, आणि नक्कलही बंद केली.

"माय, हालली तं मारशीन काय?" पट्टीखालून अंजनानं विचारलं.

भागिरथानं वाळूची पिशवी पुन्हा नीट लावली. "नाई मारत," ती म्हणाली. "आता कवाच नाई."

सातव्या दिवशी पट्टी सुटली. तिथल्या डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला, डाव्यापुढं जाड भिंग धरलं आणि बोटं दाखवली. अंजनानं कपाळाला आठ्या घातल्या. "तीन. नाई, दोन. एक वाकडं हाय." पुरतं दिसणार नव्हतं, चष्मा जन्माचा लागणार होता, उजव्याचं पुढं करावं लागणारच होतं. डॉक्टरांनी हे सगळं नीट सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

भागिरथा त्यांच्या मागं गेली. "साहेब, घरी धाकटी हाय. चार वर्साची. तिले कवा आनू?"

"का? तिलाही दिसत नाही का?"

"मले काय माईत?" भागिरथा म्हणाली. "म्हनूनच तं इचारून राह्यलो."