टेकलेली बाही

नव्या रायपुरात लसींचा कारखाना येणार म्हटल्यावर आमची चौबे कॉलोनी लग्नघरासारखी गजबजली. शेजारच्या काकांची उमर औषध कारखान्यात गेलेली. नव्या कारखान्यातल्या नोकरीसाठी ते गच्चीवर माझ्या पोरीसकट कॉलोनीतल्या पोरींना निर्जंतुक पोशाख घालायला शिकवू लागले. मी रोज चहा घेऊन बघायला जायचे. कापड जमिनीला टेकलं की काका ओरडायचे, “काढ! पुन्हा घाल! लस लेकराले टोचणार आहे ना?”

निवडीच्या दिवशी कारखान्याच्या साहेबांपुढे त्यांनी स्वतः पोशाख घालून दाखवला. टाळ्या झाल्या. काका मात्र थबकले. “बाही टेकली जी,” म्हणत त्यांनी अख्खा पोशाख उतरवला. आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं.

मग पोशाख घालून रांगेत उभी असलेली माझी पोरगी, घरात कधी चूक कबूल न करणारी, हात वर करून म्हणाली, “काका, मेरी भी टच हुई थी.”