दाणा चावायचा मी, ऐकायचा मामाजींनी

एटापल्लीत मी शिकवते त्या शाळेच्या ओट्यावर फोन क्वचितच लागतो. त्या सकाळी लागला आणि मामाजी गेल्याचं कळलं. खूप रडले... पण महिन्यानंतर आज लिहायला बसले तर आठवते ती गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी, आणि अजूनही अंगात उत्साह संचारतो.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये धान पारखत. दाणा दाताखाली फोडायचा आणि वाळलाय की आणखी ऊन हवं, ते सांगायचं. मशीन होतं, पण शेतकऱ्यांचा भरवसा मामाजींच्या दातांवर. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा दसऱ्याला मीच त्यांना चंद्रपूरला नेलं. दंतवैद्यांनी हिरड्यांच्या आतपर्यंत सफाई केली. रक्त थांबलं, पण दातांची मुळं उघडी पडली. थंड पाणी सोडाच, वारा लागला तरी कळ जायची. दाणा चावणं तर दूरच, आणि हंगाम तोंडावर आलेला.

"दात बिघडवले पोरी त्यानं. आता मले मिलमध्ये कोन ठेवते?" ते म्हणाले.

कळा येणाऱ्या दातांसाठी वेगळी पेस्ट मिळाली होती. दोन वेळा लावा, काही आठवडे धीर धरा, असं बजावलं होतं. दिवाळीला मी मूलला आले तर फरक शून्य. सकाळी मोरीत डोकावले, तर मामाजी पेस्ट झाल्यावर राखुंडीनं दात खसाखसा घासताहेत! पेस्ट झोंबत नाही, म्हणजे ती साफ काय करणार, ही त्यांची समज. मी राखुंडी परसात ओतली, मऊ ब्रश हातात दिला आणि औषध दातांवर राहावं म्हणून फेस थुंकल्यावर लगेच चूळ भरायची नाही, अशी तंबी दिली. दोन दिवस माझ्याशी अबोला.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. मिलमध्ये दाणा मी चावायचा, त्यांनी कान द्यायचा. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. लोक हसले, पण मामाजी एकदाही चुकले नाहीत. माझे जबडे दुखायचे आणि मजा तर विचारू नका.

सुट्टी संपली. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "थंड पानी पिऊन राह्यलो पोरी. कळ नाई, काई नाई. आज दाना बी फोडला." मी ओट्यावरच नाचले.

या दिवाळीत मी एकटीच मिलमध्ये गेले. एका शेतकऱ्यानं माझ्यापुढे मूठ उघडली, "बाई, तुमीच सांगा." मी दाणा फोडला. कट्ट वाजला. वाळलाय, हे मला कळलं होतं... तरी मी मान वळवून बाजूला पाहत राहिले, मामाजी काय म्हणतात म्हणून.