ख्वाजाभाईंच्या अँबॅसिडरला डिस्क ब्रेक

ख्वाजा शिकलगार यांची पांढरी अँबॅसिडर लग्नसराईत एक दिवसही दारात उभी नसायची. गाडी जुनी, मार्क टू मॉडेल, वयानं त्यांच्याहून थोडीच लहान. वारणानगरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून त्यांनी ती आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. ख्वाजाभाईंनी ती रस्त्यावर आणली, फुलांनी सजवायला सुरुवात केली, आणि पुढं कितीतरी नवऱ्यामुली तिच्या मागच्या सीटवर बसून सासरी गेल्या. गाडी थांबली हे मागच्याला कळूही नये अशी ते थांबवायचे. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

गाडीचं सगळं काम गुंडू लोहार करायचा. गंगावेशीकडं त्याची पत्र्याची शेड होती आणि ब्रेकच्या कामात त्याचं नाव होतं. दोघांची तीस वर्षांची दोस्ती, अरे-तुरेतली. ईदला गुंडू ख्वाजाभाईंच्या घरी जेवायचा आणि गुंडूच्या पोरीच्या लग्नात गाडी अर्थातच ख्वाजाभाईंची होती.

दोन वर्षांमागं कसबा बावड्यात एक वरात निघाली होती. पुढं बँड, त्यामागं दिव्यांची हातगाडी, मग अँबॅसिडर. उतारावर हातगाडी थांबली. ख्वाजाभाईंनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबली नाही. बंपर आणि हातगाडी यांच्यात दिवेवाल्याचा पाय सापडला आणि घोटा मोडला.

ब्रेकचे लायनर गुंडूनं महिन्यापूर्वीच बदलले होते. कुणीतरी त्याला बोलावून आणलं. त्यानं तिथंच चाकं काढली, ड्रम उघडले. लायनर नवे होते, ऑइल कुठं गळत नव्हतं. त्यानं स्वतः गाडी उतारावर नेऊन थांबवून दाखवली.

"ब्रेकला काय झालेलं न्हाय, ख्वाजा," तो म्हणाला. "तुझं लक्ष कुठं हुतं?"

चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला हे सगळ्या वऱ्हाडापुढं ऐकून घ्यावं लागलं. ख्वाजाभाईंचा तोल गेला. गुंडूनं काम नीट केलं नाही, वर खोटं बोलतोय, आज माणूस मेला असता, असं ते ओरडून बोलले. गुंडूनं पाने गोळा केले आणि तो निघून गेला.

बोलणं मात्र तिथं थांबलं नाही. टॅक्सीवाल्यांत, लग्नाच्या गाडीवाल्यांत ते पसरलं. गुंडूकडं ब्रेकचं काम यायचं बंद झालं, मग बाकीचंही. वर्षाच्या आत शेड दुसऱ्यानं घेतली आणि गुंडू शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला लागला. ख्वाजाभाईंच्या कानावर हे आलं.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: दोष ड्रम ब्रेकचा आहे, गाडीला डिस्क ब्रेक पाहिजेत. उद्यमनगरातल्या फरहान नावाच्या तरुण मिस्त्रीकडं त्यांनी गाडी दिली. फरहाननं सोपा रस्ता सांगितला. अँबॅसिडरच्या शेवटच्या मॉडेलला पुढं डिस्क यायच्या, भंगारातून ते सगळं उचलू. ख्वाजाभाईंनी भंगार बाजार पालथा घातला. मिळालेल्या डिस्क झिजून पातळ झाल्या होत्या. त्यांनी त्या हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. मग नव्या डिस्क आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आवळणारे नवे कॅलिपर असं ठरलं. ते दुसऱ्या गाडीचे, त्यामुळं बसवायला ब्रॅकेट करून घ्यावं लागलं. ओतीव ब्रॅकेट स्वस्तात मिळत होतं, पण ते तडकलं तर काय, म्हणून जाड पोलादाच्या प्लेटमधून कापून घेतलं. ते बसवलं तर कॅलिपर चाकाला घासायला लागला. ब्रॅकेट पुन्हा केलं. ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरला एकच लाइन होती. ख्वाजाभाईंनी दोन लाइनींचा घ्यायला लावला. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवेल, असं ते चहाच्या टपरीवर भेटेल त्याला समजावून सांगायचे. पेडल हलकं लागावं म्हणून बूस्टर घातला. पॅडसुद्धा त्यांनी चार जणांना विचारून निवडले. त्या काळात ते खूश होते.

त्यांची बायको रशिदा हे सगळं बघत होती. तिला दुसरंच काही दिसत होतं. ख्वाजाभाई अंगणात चालत यायचे आणि चप्पल मागं दारातच पडलेली असायची. एकदा त्यांच्या तळव्यात काचेचा तुकडा तिला दिसला, फरशीवर रक्ताचे ठसे होते आणि हे शांतपणे पेपर वाचत होते. साखरेचा आजार बरीच वर्षं होता. गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायचे.

"पायातलं चप्पल गळलं तरी तुमाला कळत न्हाय," ती म्हणाली. "डॉक्टरला दावा की एकदा."

चप्पल सैल झाली आहे, एवढंच ते म्हणाले आणि नवी चप्पल घेऊन आले.

गाडी तयार झाल्यावर एका सकाळी ख्वाजाभाई आणि फरहान शियेच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गेले. आधी फरहाननं चालवली. गाडी सरळ रेषेत, जरासुद्धा न ओढता थांबली. मग ख्वाजाभाई बसले. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी जागीच खिळली आणि फरहानचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. त्यानं हळू दाबायला सांगितलं. ख्वाजाभाई म्हणाले, हळूच दाबलाय. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा पुढं वळण आलं आणि गाडी थांबायचं नाव घेईना. ख्वाजाभाई पूर्ण जोरानं दाबत होते, मांडी थरथरत होती. फरहाननं खाली बघितलं आणि हँडब्रेक ओढला. गाडी उसाच्या बांधावर चढून उभी राहिली.

"चाचा," तो म्हणाला, "पाय पेडलवर न्हाय तुमचा."

ख्वाजाभाईंनी बघितलं. उजवा पाय पेडलच्या बाजूला, मॅटवर होता. अजून दाबतच होता. त्यांनी चप्पल काढली आणि फरहानला पान्यानं अंगठा दाबायला सांगितलं. फरहाननं दाबला, मग जोरात दाबला. ख्वाजाभाई नुसते बघत राहिले. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

गुंडू बरोबर होता, हे त्यांना तिथंच कळलं. परत येताना गाडी फरहाननं चालवली.

दोन दिवसांनी ते बसनं शिरोलीला गेले आणि फाउंड्रीच्या फाटकाशी थांबले. पाळी सुटल्यावर गुंडू बाहेर आला. भुवयांत, कानांत काळी रेती. ख्वाजाभाईंनी सगळं सांगितलं. ब्रेक तुझा चांगला होता, माझा पाय मेलेला होता, माझं चुकलं, असं स्पष्ट सांगितलं. गुंडूनं पूर्ण ऐकून घेतलं.

"तवा चार माणसांत बोलला हुता," तो म्हणाला. "आता फाटकावर येऊन मला एकट्याला सांगताय व्हय? जावा तुमी घरला. ऊन लागंल."

तीस वर्षांत गुंडूनं त्यांना पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं होतं.

गाडी आता फरहाननं शोधून दिलेला ड्रायव्हर चालवतो. ब्रेक उत्तम आहेत, सगळे तारीफ करतात. ख्वाजाभाई चार माणसांत सांगायचं म्हणून लग्नाकार्यात मुद्दाम जातात. परवा हुपरीत एका लग्नात शेजारी बसलेल्या जुन्या टॅक्सीवाल्यानं गुंडूचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले की त्या अपघातात गुंडूचा काही दोष नव्हता, दोष माझ्या पायाचा होता.

"भाई, तुमचं मन लई मोठं हाय," टॅक्सीवाला म्हणाला. "दुसरा असता तर त्या गुंड्याला कोर्टात वडला असता."

ख्वाजाभाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, पाय पुढं करून. टॅक्सीवाल्यानं मान डोलावली आणि पलीकडच्या माणसाकडं वळून म्हणाला, बघा, अजून दोस्ताला सांभाळून घेत्यात. पलीकडचा माणूस हसला आणि त्यानं वाढप्याला रस्सा आणायला सांगितलं.