पासवर्ड टाकताना मान वळवा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. कोणी भुताखेतांचे किस्से सुरू केले की मी पाणी प्यायला उठून जायची. कामच असं आहे माझं — प्रत्येक गोष्टीची कुठेतरी नोंद असते, आणि नोंद नसेल तर ती घडलीच नाही!

साकोलीत हायवेला लागून एक खासगी दवाखाना आहे... नाव विचारू नका. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. कोणी काय उघडायचं, काय नाही, हे मी ठरवते. बिलवाल्याला बिलं, औषधवाल्याला औषधं. दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं नाही. मध्यंतरी स्टाफमधल्या कोणीतरी ओळखीच्या पेशंटचे रिपोर्ट वाचून गावभर केले. तेव्हापासून जुन्या फाइली फक्त डॉक्टरांनाच दिसतात. आणि माझा एक नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय — कोणी पासवर्ड टाकत असेल, तर बाकीच्यांनी मान वळवायची. यावरून माझी थट्टाही होते. "मॅडम आल्या, भिंतीकडं पाहा रे!"

गेल्या उन्हाळ्यात अड्याळला मावसबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. दवाखान्यात त्याच दिवशी नवे डॉक्टर रुजू होणार होते. त्यांचं लॉगिन मी परत आल्यावर बनवून देऊ, असं म्हणून मी सुट्टी घेतली. लग्नघरात पाय ठेवताच मावशीनं हात धरला. "रिकाम्या हातानं काहून फिरून राहिली वं?" आणि बळेच हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. ऑफिसात मी बांगड्या घालत नाही, टायपिंगला आड येतात. फोन पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत, आणि दारात बँडवाले!

दुपारी जेवणं झाल्यावर फोन पाहिला, तर इंदूताईंच्या मिस्ड कॉलची रांग. इंदूताई म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या सिस्टर. लगेच फोन लावला.

"झालं मॅडम सगळं. बाई बरी हाये आता."

सानगडीची एक बाई तापानं बेशुद्ध होऊन आली होती. सोबत सून. ती रडत एवढंच सांगत होती, "मांगच्या साली इथंच एका इंजेक्शननं सासूबाईचा जीव जात होता. नाव नाही माहीत मले." नाव जुन्या फाइलीत होतं. इंदूताईंना ती फाइल उघडेना, आणि तेव्हा ड्युटीवर एकट्याच असलेल्या नव्या डॉक्टरांचं लॉगिनच नव्हतं. मग फाइल उघडली, तेव्हा कळलं — नेमकं तेच इंजेक्शन ट्रेमध्ये भरून ठेवलेलं होतं.

"पण फाइल उघडली कोणी?" मी विचारलं.

"कोणी म्हंजे? तुमीच तं आल्या नं! मांगून हात टाकला, मी मान वळवली. तुमीच तं शिकवलं आमाले."

"चेहरा पाहिला माझा?"

"नाही नं, मी भिंतीकडं पाहून राहिली होती. पण बांगड्या वाजल्या कीबोर्डवर. मले वाटलं, आज मॅडमनं बांगड्या कशा घातल्या? फाइल पाहून डॉक्टरकडं पळाली मी. मंग पाहिलं तं तुमी गेलेल्या."

काटा वगैरे नाही आला अंगावर, खोटं कशाला सांगू... मी फक्त माझ्या हातांकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी जाऊन नोंद तपासली. इंदूताईंच्याच कॉम्प्युटरवरून, माझ्या नावानं लॉगिन. परवानगी फक्त इंदूताईंना, फक्त त्या बाईची फाइल, फक्त बघण्यापुरती — आणि संध्याकाळी आपोआप बंद होईल अशी. मीही अगदी एवढीच दिली असती. पासवर्ड मी कोणाला सांगितलेला नाही, कुठे लिहिलेला नाही. तुम्ही म्हणाल, कोणीतरी चोरला असेल. चोर काय इतकं मोजूनमापून देतो?

आता मी पासवर्ड टाकताना इंदूताई मान वळवत नाहीत. "पाहून घेतो नं, तुमीच हाव का!" म्हणतात, आणि आम्ही दोघी हसतो. पुढं ती सानगडीची बाई सुनेला घेऊन आली, माझे हात धरून रडली. 'मी नव्हते हो,' असं तोंडावर आलं होतं, पण मलाही रडू आलं.

पासवर्ड दुसऱ्या कोणी वापरल्याचा संशय आला, की तो त्याच दिवशी बदलायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मीच केलाय.

मी तो पासवर्ड अजून बदललेला नाही.